सहा वर्षांची लेक शब्द गिळते, नाटकाच्या खेळांचा उपयोग होईल का?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक):
घरात अखंड बडबड, पण वाक्याचं शेपूट गायब. 'भूक लागलीये'चं 'भूक लाग' होतं. वर्गात बाईंना ऐकू जात नाही. पाठांतराला बसवलं की रडारड. काही सुचवा.

पंचवटीची मावशी:
ताई, पाठांतर आधी बंद करा. मी सोसायटीतल्या पोरांची बालनाट्यं बसवते. आमचा लाडका खेळ भाजीवालीचा. भाजीवाली हॉलच्या टोकाला, गिऱ्हाईक स्वयंपाकघराच्या दारात. 'मेथीची जुडी केवढ्याला?' यातला शेवटचा शब्द पोचला नाही तर मेथी मिळत नाही. ओरडायचं मात्र नाही. ओरडून घसा ताणतो, अक्षरं तशीच बोबडी राहतात. दुसरा खेळ, आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायचं, समोरच्याने ओळखायचं. तोंड आपसूक उघडायला लागतं. 'काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' हे राक्षस, म्हातारी, मुंगी अशा सोंगांतून म्हणवा, पण सावकाश. वेगाची घाई आयांनाच असते!

सिडकोचा बाबा:
र आणि ळ काही मुलांना उशिराच जमतात, त्यावरून टोकू नका. सारखी सर्दी असेल तर कान दाखवून घ्या. मधल्या कानात पाणी साठलं की ऐकू कमी येतं, मग उच्चारही तसेच.

प्रश्नकर्ती:
कान दाखवतेच. आमच्या आजोबांना कमी ऐकू येतं, त्यांना गिऱ्हाईक केलं तर?

पंचवटीची मावशी:
नको हो, पोर ओरडायलाच शिकेल. त्यांना गल्ल्यावर बसवा.