मॅपलला तोटी कुठे ठोकावी : उन्हाची बाजू की जुन्या जखमांचा हिशेब?

धागाकर्ता (व्हरमाँट)

शुगर मॅपल या झाडाचा गोड रस आटवून पाक करतात. तो रस काढण्यासाठी खोडाला भोक पाडून तोटी ठोकायची ती दक्षिणेच्या अंगाला, जाड फांदीच्या खाली किंवा मोठ्या मुळाच्या वर, असा सल्ला आम्हांला पहिल्याच हंगामात शेजाऱ्यांनी दिला आणि आम्ही तो चार वर्षे निष्ठेने पाळला. गेल्या मार्चमध्ये मात्र एका झाडाला भोक पाडताना पांढरट भुशाऐवजी तपकिरी भुसा बाहेर आला आणि त्या तोटीने हंगामभरात बादलीचा जेमतेम तळ भिजवला. तेव्हापासून माझे मत ठाम झाले आहे : जागा ठरवायची ती जुन्या जखमा पाहून, सूर्य पाहून नव्हे.

मॅपल आपली जखम भरून काढत नाही, ती कोंडून टाकतो. भोकाभोवतीचे लाकूड रस वाहणे कायमचे बंद करते. हा मृत, तपकिरी पट्टा आडवा फारसा पसरत नाही, पण उभा, म्हणजे भोकाच्या वर आणि खाली, बराच लांब जातो. म्हणून नवे भोक जुन्यापासून निदान १५ सेंटिमीटर बाजूला घ्यावे आणि त्याच्या नेमके वर किंवा खाली कधीही घेऊ नये. आता ३० सेंटिमीटर व्यासाचे झाड घ्या. त्याचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो, म्हणजे एका फेरीत सहा जागा मिळतात. केवळ दक्षिणेचा तिसरा हिस्सा वापरला तर जेमतेम दोन. खोडाची जाडी एका अंगाला वर्षाला २ मिलिमीटर वाढते असे धरले, तरी ४ सेंटिमीटर खोल भोकावर तितकेच नवे लाकूड चढायला २० वर्षे लागतील. माडाची कोवळी पोय छाटून नीरा काढतात तेव्हा खोडाला धक्काही लागत नाही. इथे आपण खोडच पोखरतो आहोत, हे विसरून चालणार नाही.

प्रतिसाद १ (क्युबेक)

आपला हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्यावर, या चढउतारावरच रस वाहतो. तापमान जेमतेम शून्याला टेकणाऱ्या दिवशी दक्षिणेचे खोड वितळते आणि उत्तरेचे गोठलेलेच राहते. हंगामाच्या शेवटी दोन्ही बाजूंची बेरीज जवळपास सारखी भरते हे मीही पाहिले आहे, पण सगळा रस सारख्या मोलाचा नसतो. सुरुवातीच्या रसाचा पाक फिकट सोनेरी आणि नाजूक चवीचा होतो. कळ्या फुगू लागल्या की चव बिघडते आणि तो रस उकळण्यात अर्थ उरत नाही. एक लिटर पाकासाठी ४० लिटर रस आटवायचा असेल, तर चांगला रस आधी हाती यावा ही अपेक्षा गैर नाही. माझ्याकडे बादल्या लावलेली मोजकी झाडे आहेत, त्यामुळे माझ्यासाठी उन्हाची बाजू ही अंधश्रद्धा नाही.

प्रतिसाद २ (न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग)

दोघांच्याही बोलण्यात बादलीऐवजी रस वाहून नेणाऱ्या नळ्या आणि तो ओढून घेणारा व्हॅक्यूम पंप आलेच नाहीत. पंप लावल्यावर दिशेचा प्रश्न जवळपास मिटतो, पण एक नवी चूक सुरू होते : तोटीपासून मुख्य नळीपर्यंतचा तुकडा आखूड असला, की माणूस दरवर्षी हाताला सोयीच्या त्याच पट्ट्यात भोके पाडत राहतो. हा तुकडा ७५ ते ९० सेंटिमीटर ठेवला, तर झाडाला पूर्ण फेरी घालता येते आणि नळीच्या खालचे लाकूडही वापरता येते. मोठ्या मुळाच्या आणि जाड फांदीच्या सल्ल्याला मी फार महत्त्व देत नाही. ज्याचा माथा रुंद आणि उन्हात मोकळा आहे, तेच झाड जास्त गोड रस देते.

धागाकर्ता

सुरुवातीच्या रसाचे मोल मी कमी लेखले, हे कबूल करतो. पण दक्षिणेची उबदार भोके जिवाणूंमुळे लवकर बुजतात, हेही त्याच पारड्यात टाकायला हवे. एप्रिलच्या थंड आठवड्यात आमच्याकडे उत्तरेच्याच तोट्या चालू असतात. शिवाय ज्या वर्षी दक्षिणेला न दुखावलेले लाकूड शिल्लक असेल, त्या वर्षी तिथे तोटी ठोकायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती दरवर्षी तिथेच परतण्याला. बुजलेले भोक काही वर्षांत सालीवर ओळखणे कठीण जाते, म्हणून यंदापासून मी प्रत्येक झाडाच्या नावाने वहीत पान उघडले आहे आणि तोटीची दिशा, जमिनीपासूनची उंची व भुशाचा रंग असे तिन्ही टिपून ठेवतो आहे. ज्या झाडातून तपकिरी भुसा निघाला, त्याला येत्या फेब्रुवारीत ईशान्येच्या अंगाला, सर्वांत जवळच्या जुन्या भोकापासून २० सेंटिमीटर बाजूला, एकच तोटी लावणार आहे.