मदत हवी आहे: डायबेटिक बोका, अकोल्याचं ऊन आणि संध्याकाळचं इन्सुलिन

नमस्कार मंडळी, कोणी उन्हाळ्यात डायबेटिक मांजर सांभाळलं असेल तर प्लीज वाचा, थोडं लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमचा गोट्या, वय १० वर्षं, नसबंदी झालेला बोका, वजन सहा किलोच्या आसपास. हिवाळ्यात डायबेटिस निघाला, तेव्हापासून ग्लार्जिन (बराच वेळ काम करणारं इन्सुलिन) चालू आहे, सकाळी ६ आणि संध्याकाळी ६, दोन्ही वेळा २ युनिट. शुगर घरीच बघते, कानाच्या कडेला टोचून, मीटर माणसांचंच. मार्चपर्यंत छान बसलं होतं, इंजेक्शनआधी २५०-२८० आणि मधल्या वेळेत दीडशेच्या आत, मागचे पाय टाचा टेकवून चालायचा ते पण सुधारलं, परत खिडकीत उडी मारायला लागला होता.

आता इकडे ४४-४५ चाललंय. आम्ही वरच्या मजल्यावर, स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेलाच, कूलर आहे पण लाइट गेली की संपलं. गोट्या सकाळचं नीट खातो, मग दिवसभर बाथरूमच्या फरशीवर पसरलेला, आणि संध्याकाळी वाटी पुढे केली की नुसतं हुंगतो अन तोंड फिरवतो. काल ६ वाजता रीडिंग ९६ आलं, खाल्लेलं काहीच नाही, म्हणून इंजेक्शन दिलंच नाही, तर आज सकाळी ३४०! डॉक्टर चांगले आहेत पण लग्नासाठी बाहेरगावी गेलेत, फोन कधी लागतो कधी नाही.

तर विचारायचं असं की न खाता संध्याकाळचा डोस द्यायचा का, अर्धा द्यायचा की सोडायचा? वेळच पुढे ढकलली तर चालेल का, कारण रात्री ९ नंतर थोडं गार झालं की तो स्वतःहून स्वयंपाकघरात येतो. आणि सगळ्यात गोंधळ पाण्याचा आहे, तो खूप पाणी पितोय, पण या गरमीत आपणही पितो, मग हे उन्हाचं की शुगर वाढल्याचं हे ओळखायचं कसं? घरी सगळे म्हणतात दूधभात दे म्हणजे काहीतरी पोटात जाईल, मला ते पटत नाहीये.

प्रतिसाद:
ताई, काल दिलं नाहीत ते अगदी बरोबर केलंत. एक डोस चुकला तर शुगर वर जाते, ती खाली आणता येते, पण ९६ वर रिकाम्या पोटी २ युनिट गेले असते तर शुगर फार उतरून रात्रीत झटके येऊ शकले असते. माणसांचं मीटर मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा थोडं कमी दाखवतं हे खरं, तरी त्या भरवशावर इन्सुलिन देऊ नका. न खाता पूर्ण डोस कधीच नाही, अर्धा की शून्य हे डॉक्टरांकडून एकदा लिहूनच घ्या, की इतक्याच्या खाली रीडिंग असेल तर काय करायचं. शिवाय गरमीत कातडीखालचा रक्तपुरवठा वाढतो, इन्सुलिन एरवीपेक्षा भरभर ओढलं जाऊ शकतं. मध घरात हाताशी ठेवा. लडखडला, एकटक बघत बसला, हाक मारल्यावर बघेना, तर हिरड्यांना मध चोळायचा आणि लगेच दवाखाना. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, श्वासात जातं.

वेळ बदलता येते पण एका दिवसात ६ चे ९ नाही, रोज थोडी थोडी सरकवा आणि दोन डोसमध्ये १२ तास राहू द्या. आमच्या मनीचं जळगावला असताना आम्ही सकाळ-रात्र साडेआठ केलं होतं, उन्हाळाभर तेच.

पाण्याचं म्हणाल तर लघवी बघा. उन्हामुळे पिणारं मांजर पाणी जास्त पितं पण लघवी त्या मानाने वाढत नाही, शरीर ते वापरतं. शुगरमुळे पिणाऱ्याची वाळूतली लघवीची ढेकळं मोठी आणि जास्त होतात. वाटीत पाणी मोजून भरा, ढेकळं मोजा, आठवड्याला वजन करा. पाणी, लघवी दोन्ही वाढलं आणि वजन उतरलं की बहुधा शुगरच.

दूधभात नको, त्याने शुगर चढते. उकडलेलं चिकन बारीक करून द्या, मीठ कांदा लसूण काही नको, त्याचंच पाणी गार करून वर घाला, आमची मनी आधी ते पाणीच चाटायची मग चिकन. ओलं खाणं या हवेत तासाभरात बिघडतं, थोडं थोडंच काढा.

प्रतिसाद:
मी मेडिकलमध्ये काम करतो, मांजराचं मला कळत नाही पण इन्सुलिनचं सांगतो. चालू बाटली ३० डिग्रीच्या आत असेल तर २८ दिवस चालते, अकोल्यात मे महिन्यात खोलीत ३० कुठलं असणार, तर फ्रीजमध्येच ठेवा, पण फ्रीजरला चिकटून नाही, गोठलं की टाकून द्यायचं. लाइट जास्त वेळ गेली तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या कपड्यात गुंडाळलेल्या माठात ठेवा, आपल्याकडच्या कोरड्या हवेत माठ चांगला गार राहतो. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे, गढूळ दिसलं तर वापरू नका. आणि सिरिंज बघून घ्या, ग्लार्जिनला १०० वाली (एका मिलीत १०० युनिट), केशरी टोपीची. लाल टोपीची ४० वाली वापरली तर त्याच खुणेवर अडीच पट इन्सुलिन जातं. मीटरच्या पट्ट्यांची डबीही उन्हापासून लांब, झाकण घट्ट, नाहीतर रीडिंगच चुकीचं येतं.

प्रतिसाद:
एक जोडते. दिवसभर काहीच खाल्लं नाही, उलटी झाली किंवा सुस्त पडला तर थांबू नका, लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होतात ते) बघायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, आणून ठेवा. कीटोन आले की त्याच दिवशी दवाखाना. जाडं मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर येतं. तोंड उघडून धापा टाकत असेल तर ते उष्माघाताचं लक्षण, आधी साध्या पाण्याने पंजे, पोट ओलं करा, बर्फ नको. तुमचे डॉक्टर बाहेर असतील तर अकोल्यातच स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, तिथे दाखवा.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार, जीवात जीव आला. सिरिंज बघितली, केशरीच आहे. बाटली फ्रीजच्या दारात होती ती आतल्या कप्प्यात ठेवली, कीटोनच्या पट्ट्या भाऊ घेऊन येतोय. आत्ता चिकनचं पाणी दिलं तर अर्धी वाटी संपवली, त्यानंतर रीडिंग २१०. डॉक्टरांचा फोन लागला, ते म्हणाले आज १ युनिट द्या आणि उद्यापासून वेळ अर्धा अर्धा तास पुढे घ्या, १५० च्या खाली असेल तर न देता आधी फोन करा. वाळूतली ढेकळं मात्र मोठीच दिसतायत, उद्या सकाळपासून पाणी मोजून भरते आणि इथेच आकडे टाकते, मनीच्या आईंनी जरा बघून सांगाल का?