फ्युरानच्या एका आकड्यावर ट्रान्सफॉर्मर भंगारात काढायचा का?

अंबडचा मेंटेनन्सवाला:
अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ५ एमव्हीए, ३३/११ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर आहे, १९९८ चा. जानेवारीत ऑइलचा नमुना दिला होता, फ्युरान (वायंडिंगवरचा इन्सुलेशनचा पेपर झिजला की ऑइलमध्ये उतरणारं रसायन) आला २.५ पीपीएम. सल्लागार म्हणतो पेपर संपला, नवा घ्या. मला हा सरळ सरळ विक्रीचा डाव वाटतो. त्याच ऑइलचा बीडीव्ही (ऑइल किती व्होल्टेजपर्यंत टिकतं तो आकडा) ६० केव्ही आहे, पाणी १० पीपीएम, डीजीएत (ऑइलमध्ये विरघळलेल्या वायूंच्या चाचणीत) अ‍ॅसिटिलिनचा, म्हणजे आत ठिणगी उडाल्याचा, मागमूस नाही. लोड आमच्याकडे कधी निम्म्यावर गेला नाही.

शिवाय २.५ हा आकडा फ्युरानवरून पेपरची डीपी काढायच्या चेनडाँगच्या सूत्रात घातला की डीपी ३१८ येतो, डी पाब्लोच्या सूत्रात ६२४. नवा पेपर हजाराच्या आसपास असतो आणि २०० ला संपला असं धरतात. एकाच बाटलीतून एक म्हातारा निघाला आणि एक चाळिशीतला! (नवख्यांसाठी: ही डीपी म्हणजे गावाकडे जळते ती नव्हे. सेल्युलोजच्या एका साखळीत सरासरी किती ग्लुकोजचे मणी ओवलेले आहेत, तो हा आकडा.)

सातपूर रिवायंडिंग:
साहेब, बीडीव्ही हा ऑइलचा दाखला आहे, पेपरचा नाही. आमच्या शेडमध्ये येणाऱ्या जुन्या कॉइलचा पेपर कितीदा तरी नखानं पापडासारखा मोडतो, आणि आदल्या महिन्याचा मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्सची चाचणी) मात्र उत्तम असतो. जीर्ण पेपर व्होल्टेज सोसतो, धक्का सोसत नाही. बाहेर ११ केव्हीच्या फीडरवर शॉर्ट झाला की वायंडिंग हिसका खातं, पेपर गळतो आणि टर्न टर्नला चिकटतो. अ‍ॅसिटिलिन मग दिसतं, पण तेव्हा टाकी उघडायचीच वेळ आलेली असते.

ऑइल लॅबमधली:
सूत्रांबद्दल तुमचं बरोबर आहे, एका आकड्यावरून डीपी सांगणं धाडसाचंच. फ्युरानचा कल बघायचा असतो. पण मला सांगा, फिल्टरेशन कधी केलं होतं?

अंबडचा मेंटेनन्सवाला:
दोन वर्षांपूर्वी. फुलर्स अर्थसकट (ऑइल साफ करायची शोषक माती), अगदी पिवळंधमक ऑइल बाहेर पडलं होतं. म्हणूनच म्हणतोय, ऑइल ठणठणीत आहे.

ऑइल लॅबमधली:
मग तर काळजी वाढली. फुलर्स अर्थ फ्युरान शोषून घेते. म्हणजे तुमची पाटी दोन वर्षांपूर्वी पुसली गेली, आणि हे २.५ त्यानंतरचे आहेत. थोडा भाग पेपरात मुरलेला होता तो परत ऑइलमध्ये आला असेल, हे मान्य. ते सहसा पहिल्या काही महिन्यांत होतं. फिल्टरेशननंतर सहा महिन्यांनी एखादा नमुना घेतला असता तर आज भांडायची गरज नव्हती.

निफाडचा वायरमन:
आणि पाणी १० पीपीएम म्हणून खूश होऊ नका. जानेवारीतल्या पहाटे नमुना काढला असेल ना? थंडीत ऑइलला पाणी धरवत नाही, ते पेपरात जाऊन बसतं. तसंही ट्रान्सफॉर्मरमधलं जवळपास सगळं पाणी पेपरातच असतं, ऑइलमध्ये चमचाभर. आमच्याकडे निफाडला पारा उतरतो तेव्हा सगळेच ट्रान्सफॉर्मर कागदोपत्री कोरडे असतात! एप्रिलमध्ये दुपारी लोडवर असताना नमुना काढा, ऑइलचं तापमान लिहून. पेपरातलं पाणी दुप्पट झालं की आयुष्य साधारण निम्मं होतं.

सिन्नरकर:
मी मेंटेनन्सवाल्यांच्या बाजूनं. आयईसी मानकाच्या हिशेबानं साध्या क्राफ्ट पेपरला हॉटस्पॉट (वायंडिंगमधली सगळ्यात गरम जागा) ९८ अंश असेल तर झीज एक पट, आणि दर ६ अंशांनी ती निम्मी. निम्म्या लोडवर हॉटस्पॉट ७४ च्या वर गेला नसेल तर झीज सोळाव्या हिश्श्यावर येते. असा ट्रान्सफॉर्मर २५-३० वर्षांत मरत नाही. आधी लोडची वही बघा, मग बाटली.

सातपूर रिवायंडिंग:
तो हिशेब कोरड्या पेपरचा, सिन्नरकर. ओलावा आणि ऑक्सिजन आत असेल तर ६ अंशांचं गणित कोलमडतं. दादा, ब्रीदरचं (टाकीत जाणारी हवा कोरडी करणारं) सिलिका जेल कोणत्या रंगाचं आहे?

अंबडचा मेंटेनन्सवाला:
आत्ता निळं आहे. मध्ये वर्षभर गुलाबी, म्हणजे ओलं, होतं, खोटं कशाला बोलू. आणि एक सांगायचं राहिलं: हा आम्ही २००९ मध्ये सेकंडहँड घेतलाय. आधी कुठे, किती लोडवर होता, माहीत नाही.

सिन्नरकर:
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! अकरा वर्षांची वहीच नाही म्हणजे माझं वरचं सगळं गणित पाण्यात.

ऑइल लॅबमधली:
तरी भंगारात काढा असं मी अजूनही म्हणणार नाही. दर तीन महिन्यांनी फ्युरान आणि डीजीए करा. सीओटू भागिले सीओ (पेपर तापून झिजला की सुटणारे वायू) हे गुणोत्तर ३ च्या खाली आलं आणि सीओ वाढत राहिला, तर मात्र थांबू नका.

अंबडचा मेंटेनन्सवाला:
दिवाळीच्या शटडाउनला कव्हर उघडून लीडवरचा पेपर कापून डीपीला पाठवला तर?

सातपूर रिवायंडिंग:
लीडचा पेपर सहसा थंड जागेतला असतो, तो तुम्हाला हवं तेच सांगेल. काढायचाच तर वायंडिंगच्या वरच्या टोकाजवळचा मिळेल तेवढा काढा. उघडा तासभरच, पावसाळी हवेत तर मुळीच नाही, आणि बंद केल्यावर व्हॅक्यूम धरायला पंप आधीच बुक करून ठेवा. दिवाळीत क्रेनवाला मिळत नाही, तो आत्ताच सांगून ठेवा.