ऑनलाइन वर्कशॉप दुसऱ्या दिवशी रिकामं होतं, प्लॅटफॉर्म सुचवा (तातडीचं)

बँड_तीन | बुधवार, रात्री ११:४२

सरळ मुद्द्यावर येते, वेळ नाहीये. येत्या सोमवारपासून तीन दिवस आमचं ऑनलाइन वर्कशॉप आहे, प्रोफेशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमर लोकांसाठी. म्हणजे पीएचडीवाले, पोस्टडॉक, कॉलेजातले प्राध्यापक. मुलांना चंद्र दाखवायचा कार्यक्रम नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागच्या खेपेला पहिल्या दिवशी ८४ जण होते. दुसऱ्या दिवशी तासाभरात ३१ उरले. तिसऱ्या दिवशी मी, सर आणि अकरा जण, त्यातले चार आमच्याच कॉरिडॉरमधले. सर म्हणतात प्लॅटफॉर्म बदल. कुठला घेऊ? बजेट शून्य. "प्रत्यक्षच घ्या" असं कृपया सांगू नका, लोक पाच देशांत आहेत. उद्या संध्याकाळी लिंक पाठवायची आहे.

सदाशिव_४११०३० | बुधवार, रात्री ११:५८

कोणते पाच देश? किती वाजता? शिकवता काय? आत्ता कुठला प्लॅटफॉर्म आहे? डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय, गोळी द्या" म्हणण्यातला प्रकार आहे हा.

नेटकाका | गुरुवार, रात्री १२:१०

फुकटच्या झूमला ४० मिनिटांची मर्यादा असते. मीटिंग आपोआप बंद पडते, लोक परत येत नाहीत. तुमचं तेच झालं असणार. जित्सी घ्या. ओपन सोर्स, येणाऱ्यांना अकाउंटची भानगड नाही, ब्राउझरमध्ये चालतं. आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा दोन वर्षं त्यावरच घेतली.

लेथवाला | गुरुवार, रात्री १२:२३

काका, सोसायटीच्या सभेत ८४ जण कधी येतात? शिकवायचं असेल तर बिगब्लूबटन. ते मुळात वर्गासाठीच बनवलंय. फळा आहे, गट पाडता येतात, पोल घेता येतो.

नेटकाका | गुरुवार, रात्री १२:३१

आणि त्याचा सर्व्हर कोण बसवणार? तुम्ही?

लेथवाला | गुरुवार, रात्री १२:३४

बसवतो की. उबुंटू लागतं, एक दुपार जाते.

शुद्धमती | गुरुवार, सकाळी ७:०५

'कार्यशाळा' असा सुंदर शब्द असताना 'वर्कशॉप' कशासाठी? पुण्यात बसून आपणच असं लिहिलं तर बाकीच्यांना काय बोलणार.

लेथवाला | गुरुवार, सकाळी ७:१९

ताई, आमच्या कॉलेजात वर्कशॉपमध्ये लेथ होता आणि तिथे चार तास उभं राहावं लागायचं. कार्यशाळेत खुर्ची आणि समोसा मिळतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बँड_तीन | गुरुवार, सकाळी ९:३०

झूमच होतं, संस्थेचं लायसनवालं, त्यामुळे ४० मिनिटांचा प्रश्न नाही. देश: भारत, नेदरलँड्स, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, चिली. वेळ आपली दुपारी २ ते ६. विषय रेडिओ डेटा रिडक्शन (कच्च्या डेटापासून इमेजपर्यंत), खोडदच्या अपग्रेडेड जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचा डेटा, कासा या सॉफ्टवेअरमध्ये. पहिला दिवस लेक्चर, दुसरा कॅलिब्रेशन (डेटातल्या उपकरणाच्या चुका काढणं) हँड्स-ऑन, तिसरा इमेजिंग. आता सांगा प्लॅटफॉर्म.

सुट्टीतला_पोस्टडॉक | गुरुवार, सकाळी ९:५२

दुपारी २ म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ८:३०. ऑस्ट्रेलियात कुठे? पर्थला साडेचार, ठीक. सिडनीत संध्याकाळी साडेसहा, उन्हाळ्यात साडेसात. म्हणजे तुमचा हँड्स-ऑन ऐन जेवणाच्या वेळी. चिलीत पहाटे साडेचार किंवा साडेपाच. तिथून कोणी आलं असेल तर त्याचा सत्कार करा.

आणि वेळ नेहमी यूटीसीत लिहा. आपण घड्याळ हलवत नाही म्हणून आपल्या लक्षातच राहत नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे सगळ्या टेलिकॉनचा विचका. चिलीवाले एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये बदलतात, तेही उलटीकडे. आमच्या पल्सर टायमिंगच्या टेलिकॉनला एका मार्चमध्ये मी तासभर एकटाच बसलो होतो. कॅमेरा सुरू ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून.

बँड_तीन | गुरुवार, सकाळी १०:०४

वेळेचं नकोय हो. पहिल्या दिवशी हीच वेळ होती आणि सगळे होते. चिलीचे दोघंसुद्धा.

आजोबा_कर्वेनगर | गुरुवार, सकाळी १०:४०

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. नातू सहावीत आहे, त्याला दुर्बीण हवी आहे. साधारण किती रुपयांपर्यंतची घ्यावी? ऑनलाइन ५२५ पट वगैरे लिहिलेलं असतं ते खरं असतं का?

मिलीजान्स्की | गुरुवार, सकाळी १०:५५

आजोबा, ५२५ पट लिहिलेली तर अजिबात नको. आधी १०×५० ची बायनॉक्युलर घ्या. गुरूचे चार चंद्र तिच्यातूनही दिसतात, फक्त हात टेकवून धरायची. आणि नातवाला घेऊन टिळक रोडला टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जा, १९४४ पासून हौशी लोकांचं काम चाललंय तिथं. विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघून घ्यावं.

धागाकर्तीला: दुसऱ्या दिवशी लोक नक्की किती वाजता गेले? झूमच्या रिपोर्टमध्ये प्रत्येकाची आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ असते. लायसन संस्थेचं आहे म्हणजे तुमच्या अ‍ॅडमिनकडे मिळेल. आधी ते काढा.

आजोबा_कर्वेनगर | गुरुवार, सकाळी ११:१०

आभारी आहे. खोडदलाही न्यायचा विचार आहे.

लेथवाला | गुरुवार, सकाळी ११:२२

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला न्या, तेव्हा जत्राच असते. शाळाशाळांची मुलं मॉडेल घेऊन येतात. फोन मात्र बंद ठेवावा लागतो, मोबाइलचे सिग्नल त्या डिशना गोंगाट वाटतात. येताना नारायणगावात मिसळ.

सदाशिव_४११०३० | गुरुवार, सकाळी ११:२५

मिसळीवर नको. मागचा धागा त्याच पायी बंद करावा लागला.

बँड_तीन | गुरुवार, दुपारी १:१५

रिपोर्ट मिळाला. बहुतेक सगळे २:५० ते ३:२० च्या दरम्यान गेलेत. म्हणजे ब्रेकआऊट रूम (छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्या) उघडल्यावर लगेच. म्हणूनच म्हणतेय ना, ब्रेकआऊट रूम नीट चालतील असा प्लॅटफॉर्म हवा. कुणी अवतारवालं वापरलंय का, ज्यात चालत चालत टेबलापाशी जाता येतं?

मिलीजान्स्की | गुरुवार, दुपारी १:२१

२:५० ला त्यांनी काय करणं अपेक्षित होतं?

बँड_तीन | गुरुवार, दुपारी १:२४

काही विशेष नाही. डेटा कासात उघडायचा आणि लिस्टऑब्स (डेटात काय काय आहे त्याची यादी) चालवायचं.

मिलीजान्स्की | गुरुवार, दुपारी १:२५

डेटा किती जीबी?

बँड_तीन | गुरुवार, दुपारी १:३१

२६. लिंक सकाळीच दिली होती.

सुट्टीतला_पोस्टडॉक | गुरुवार, दुपारी १:३३

अगं बाई.

मिलीजान्स्की | गुरुवार, दुपारी १:५०

हा आकडा तुम्हाला लहान वाटतो कारण तुमच्याकडे तो शेजारच्या खोलीतल्या डिस्कवर असतो. ३० अँटेना म्हणजे ४३५ बेसलाइन (अँटेनांच्या जोड्या), गुणिले २०४८ चॅनल (फ्रिक्वेन्सीचे बारीक कप्पे), गुणिले २ पोलरायझेशन, गुणिले ८ बाइट. दर ८ सेकंदांना साधारण १४ एमबी. तासाला साडेसहा जीबी. तुम्ही त्यांना चार तासांचं अख्खं ऑब्झर्व्हेशन दिलंत. वर कॅलिब्रेशन लावलं की करेक्टेड कॉलम मूळ डेटाएवढाच होतो, मॉडेल कॉलम भरला तर आणखी तेवढाच. म्हणजे २६ चे ७८. आज दुकानात मिळणाऱ्या साध्या लॅपटॉपची डिस्क आठवा.

आता दोन प्रश्न. विंडोजवाले किती होते? आणि मेजरमेंट सेट (कासाचा डेटा, तो फोल्डरच असतो) टार करून, म्हणजे एका फाइलीत बांधून, दिला होता का?

बँड_तीन | गुरुवार, दुपारी २:०५

लिनक्स सगळ्यांकडे असतंच की. टार नाही केला, क्लाऊड ड्राइव्हवर फोल्डर टाकला होता. माझ्याकडे व्यवस्थित उघडत होता.

नांदेडची_मास्तरीण | गुरुवार, दुपारी २:४०

मी इथे एरवी पाककृतींपुरती येते. पण हे वाचून राहवलं नाही, कारण मी बहुतेक तुमच्याच वर्कशॉपला होते. रूम नंबर सहा.

सकाळी कॉलेजच्या नेटवर डाउनलोड लावला आणि दोन तास घेऊन आले. ड्राइव्हने तो फोल्डर एका झिपमध्ये दिलाच नाही, चौदा तुकडे केले. मी एकेक उघडत गेले तर प्रत्येकातून त्याच नावाचा फोल्डर निघाला, कशात अँटेना, कशात फील्ड, कशात नुसतंच टेबल डॉट डॅट. सगळं एकत्र करून पाहिलं. कासा म्हणालं, "टेबल डझ नॉट एग्झिस्ट". तेही चालत होतं ते एका विद्यार्थ्याने आदल्या रात्री माझ्या विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स) घालून दिलं म्हणून. कासा थेट विंडोजवर चालत नाही हे मला तेव्हाच कळलं. मी चॅटमध्ये लिहिलं, "फोल्डर उघडत नाही, कुणी सांगेल का?" रूममध्ये आणखी सहा जण होते, सगळ्यांचे कॅमेरे बंद. वीस मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं सगळ्यांचं झालंय, मीच अडाणी. मग निघाले.

बँड_तीन | गुरुवार, दुपारी २:५२

मॅडम, तुमचा मेसेज मला दिसलाच नाही. मी मेन रूममध्ये बसून होते आणि चॅट अगदी शांत होता. मला वाटलं सगळं सुरळीत चाललंय. मी सरांना तसं सांगितलंसुद्धा.

लेथवाला | गुरुवार, दुपारी ३:०३

ब्रेकआऊट रूममधला चॅट त्या रूममधल्यांनाच दिसतो. मेनमध्ये येत नाही.

नेटकाका | गुरुवार, दुपारी ३:०६

म्हणूनच जित्सी.

सदाशिव_४११०३० | गुरुवार, दुपारी ३:०७

काका, जित्सीवर तो फोल्डर उघडला असता का?

सुट्टीतला_पोस्टडॉक | गुरुवार, दुपारी ३:३०

मला विचाराल तर लोकांच्या लॅपटॉपवर काही चालवायलाच लावू नका. ज्युपिटरहब उभा करा, सगळे ब्राउझरमधून येतील, डेटा एकाच ठिकाणी राहील. इमेज बघायला कार्टा, तेही ब्राउझरमध्ये. आम्ही तसंच केलं होतं.

मिलीजान्स्की | गुरुवार, दुपारी ३:४१

सोमवारपर्यंत? बाहेरच्या ८० जणांना क्लस्टरवर अकाउंट द्यायला कुठलीही संस्था सह्यांमध्येच पंधरा दिवस घालवते. डेटा छोटा करा. २०४८ चॅनलची सरासरी काढून २५६ करा, आठपट कमी झाला.

सुट्टीतला_पोस्टडॉक | गुरुवार, दुपारी ३:४८

आणि फ्लॅगिंग (खराब डेटा वगळणं) काय शिकवणार मग, कपाळ? आरएफआय (मोबाइल वगैरेंचा रेडिओ गोंगाट) अरुंद चॅनलमध्ये बसलेला असतो. आधी सरासरी काढली की एका चॅनलची घाण आठांमध्ये पसरते. विद्यार्थ्यांना नेमकं तेच दाखवायचं असतं.

मिलीजान्स्की | गुरुवार, दुपारी ३:५५

मान्य. मग दोन संच करा. पहिला: कॅलिब्रेटरची (तीव्रता आधीच माहीत असलेल्या स्रोताची) फक्त दहा मिनिटं, सगळ्या चॅनलसकट, १ जीबीच्या आसपास. त्यावर फ्लॅगिंग, बँडपास, गेन सगळं शिकवता येतं. दुसरा: तुम्ही स्वतः फ्लॅग आणि कॅलिब्रेट करून सरासरी काढलेला, टार्गेटचा एक तास, तोही जीबीच्या आतच येईल. तो इमेजिंगला. म्हणजे पहिल्यात अडकलेला माणूस तिसऱ्या दिवशी परत गाडीत बसू शकतो. तुमचं दुसरं दुखणं तेच आहे, एकदा मागे पडलेल्याला आत यायला दारच नाही.

सुट्टीतला_पोस्टडॉक | गुरुवार, दुपारी ३:५९

हे चालेल. (लिहून ठेवा, मी मिलीजान्स्कींशी सहमत झालो.)

लेथवाला | गुरुवार, दुपारी ४:१५

आमच्याकडे सॉफ्टवेअर कार्पेंट्रीच्या पद्धतीने शिकवायचे तेव्हा लॅपटॉपला दोन रंगांचे चिकटकागद लावायचे. अडकलो की लाल, झालं की हिरवा. न बोलता कळतं. झूममध्ये हिरवी खूण, लाल फुली असते तेच वापरा. आणि प्रश्नांसाठी सगळ्यांचं एकच सामायिक डॉक्युमेंट उघडं ठेवा, रूम कुठलीही असो. शिवाय प्रत्येक रूममध्ये तुमचा एक माणूस हवा. कॉरिडॉरमधले चार जण आहेत ना, त्यांना श्रोते म्हणून कशाला बसवता?

शुद्धमती | गुरुवार, दुपारी ४:४०

माझं स्पष्ट मत आहे की हे ऑनलाइन सगळं थोतांड. पूर्वी आयुकात (पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेत) फूको लोलकाशेजारी उभ्याउभ्या जे कळायचं ते असल्या खिडक्यांमधून कळणार नाही.

नांदेडची_मास्तरीण | गुरुवार, संध्याकाळी ५:१२

ताई, त्या लोलकापाशी मी आयुष्यात दोनदा उभी राहिले. दोन्ही वेळा रात्रीची गाडी, कॉलेजची रजा आणि घरच्यांची सोय एवढं करून. खिडकीतून का होईना, दर गुरुवारचं सेमिनार मी ऐकते, आणि एकदा प्रश्नही विचारला. हॉलमध्ये मी हात वर केला नसता.

बँड_तीन | गुरुवार, संध्याकाळी ६:३५

प्लॅटफॉर्म तोच ठेवतेय. सरांना रिपोर्ट दाखवला, ते म्हणाले "हं". दोन संच करायला बसले आहे. रूमची संख्या बारावरून पाच, प्रत्येकीत आमचा एक जण. हँड्स-ऑन तासभर अलीकडे घेतलाय, वेळ यूटीसीत लिहिलीये, सिडनीवाल्यांना जेवता येईल. चिलीच्या दोघांना मेल करून विचारलं, ते म्हणाले रेकॉर्डिंग चालेल, शनिवारी वेगळा तास घ्या. नांदेडच्या मॅडम, एक विनंती: पहिली टार फाइल रात्री पाठवते. तुमच्याकडे उघडली तर सगळ्यांकडे उघडेल.

नांदेडची_मास्तरीण | गुरुवार, संध्याकाळी ६:५०

पाठवा. आज लाइट आहे.

आजोबा_कर्वेनगर | गुरुवार, रात्री ८:२०

१०×५० की ७×५०?

मिलीजान्स्की | गुरुवार, रात्री ८:३१

नातवाचा हात थरथरत असेल तर ७×५०.

नांदेडची_मास्तरीण | शुक्रवार, रात्री १२:१८

फोनच्या हॉटस्पॉटवर ४० मिनिटं लागली. १ जीबीच्या जरा वर आहे. टार एका फटक्यात उघडला, लिस्टऑब्सही चाललं. पण अँटेना २८ च दिसताहेत. माझं परत काही चुकलं का?

बँड_तीन | शुक्रवार, रात्री १२:२१

नाही मॅडम, बरोबर आहे. दोन डिश त्या दिवशी बंद होत्या.