मदत हवी आहे : सिन्योर रोस्सीचे लघुपट सबटायटलसह कुठे मिळतील?

मंडळी, इटलीचे ॲनिमेशनपटकार ब्रूनो बोझेत्तो यांचा कार्टूनमधला सिन्योर (म्हणजे श्रीयुत) रोस्सी कुणी पाहिलाय का? बुटका, मिशीवाला, डोक्यावर लाल हॅट. रोस्सी हे तिकडचं अगदी सर्रास आडनाव, म्हणजे आपल्याकडचे जोशी-पाटील समजा. सुट्टीवर निघावं तर मनस्ताप, गाडी घ्यावी तर मनस्ताप, असा हा आपल्यातलाच माणूस.

मी म्युनिकला राहते. शेजारच्या आजींनी १९७६चा, रोस्सी सुख शोधायला निघतो तो चित्रपट डीव्हीडीवर दिला, पण जर्मन डबिंगमधला. साहेबाच्या आरडाओरड्याला वैतागलेल्या रोस्सीला परी एक शिट्टी देते. ती फुंकली की तो आणि गास्तोने नावाचा बोलका कुत्रा थेट दुसऱ्या काळात! लेक सात वर्षांची आहे, तिने तीनदा पाहिला. संगीतकार फ्रांको गोदींचं त्यातलं गाणं तर आता आमच्या घरात भांडी घासतानाही चालू असतं.

आता तिला १९६०पासूनचे जुने लघुपट दाखवायचेत. पहिल्यात रोस्सी स्वतःच सिनेमा काढतो. स्कीइंगचा १९६३चा, मोटारीचा १९६६चा. इटालियन आवाज आणि इंग्रजी सबटायटल असलेला संच कुठे मिळेल? जर्मन डबिंग नको, मूळ आवाजाची मजाच वेगळी असणार. आणि लघुपट आधी दाखवू की १९७७चा, रोस्सीच्या स्वप्नांवरचा चित्रपट? जुने जरा बोचरे आहेत म्हणतात, सात वर्षांच्या मुलीला झेपतील ना?