विषाणूसंसर्गात आपल्याच पेशी प्रतिपिंडांना का रोखतात?

जिज्ञासू: उंदरांमधील एलसीएमव्ही (लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस व्हायरस) या विषाणूविषयी वाचताना एक कोडे पडले. संसर्गानंतर साधारण आठवडाभरात या विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडे, म्हणजे प्रतिकारसंस्थेने बनवलेली संरक्षक प्रथिने, रक्तात सापडतात, परंतु त्याला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे दिसायला कित्येक आठवडे लागतात. व्हीएसव्ही (व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस व्हायरस) या विषाणूविरुद्ध मात्र तशी प्रतिपिंडे पहिल्या आठवड्यातच तयार होतात. हा अडथळा विषाणूचा की प्रतिकारसंस्थेचा?

सूक्ष्मदर्शी: दोघांचा. एलसीएमव्हीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना शर्करारेणूंचे दाट आवरण असते, त्यामुळे प्रतिपिंडांनी जिथे चिकटायचे ते मर्मस्थळ झाकले जाते. हा विषाणूचा वाटा झाला. प्रतिकारसंस्थेचा वाटा मला अधिक विलक्षण वाटतो. 2016 मध्ये तीन संशोधनगटांनी दाखवले की, दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गाच्या पहिल्या काही दिवसांतच टाइप-1 इंटरफेरॉन या विषाणूविरोधी संकेत-प्रथिनाच्या लाटेमुळे विषाणूला ओळखणाऱ्या बी-पेशींचे (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचे) प्रमाण झपाट्याने घटते. विशेष म्हणजे हे काम इंटरफेरॉन मुख्यतः इतर पेशींकरवी साधतो. मारक टी-पेशींची घडण त्यामुळे बदलते, तर लसीका ग्रंथींत जमणाऱ्या दाहकारी मोनोसाइट पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) नायट्रिक ऑक्साइड सोडून बी-पेशींची वाढ खुंटवतात. ज्या बी-पेशींनी जर्मिनल सेंटरमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रशिक्षणाच्या जागी, राहून आपली प्रतिपिंडे हळूहळू धारदार करायची, त्यांपैकी अनेक घाईने अल्पायुषी प्रतिपिंडनिर्मात्या पेशी बनतात आणि संपतात.

पेशीमित्र: यात एनके (नॅचरल किलर) पेशींची भर घालावी लागेल. त्या बी-पेशींना हात न लावता, परफोरिन या पेशींना छिद्रे पाडणाऱ्या प्रथिनाच्या साहाय्याने उत्तेजित सीडी-4 टी-पेशींना (मदतनीस टी-पेशींना) मारतात. बी-पेशींना मदत करणाऱ्या टी-पेशी त्यामुळे कमी पडतात आणि जर्मिनल सेंटरही खुरटते. तथापि याला निव्वळ दोष म्हणणे मला पटत नाही, कारण विषाणूची मात्रा मोठी असताना एनके पेशी काढून टाकलेले उंदीर टी-पेशींनीच केलेल्या ऊतींच्या हानीमुळे दगावतात.

जिज्ञासू: मग इंटरफेरॉनचा संकेतच अडवला, तर प्रतिपिंडे लवकर मिळतील का?

सूक्ष्मदर्शी: उंदरांमध्ये बी-पेशी बऱ्याच अंशी वाचतात, हे खरे. पण इंटरफेरॉन हाच विषाणूवरचा पहिला लगामही आहे. 2013 मधील प्रयोगांत त्याचा ग्राही (पेशीवरील संकेत टिपणारे प्रथिन) अडवल्यावर विषाणू आधी वाढला आणि चिवट संसर्गाचा निचरा नंतर लवकर झाला. एखाद्या तीव्र, वेगाने मारणाऱ्या संसर्गात एवढी उसंत मिळेलच असे नाही.