मनाली, उतार आणि हँडब्रेक

बी-७०३: नमस्कार मंडळी. २४ तारखेला आम्ही गाडीने मनालीला निघतोय, जमलं तर अटल बोगद्यातून सिस्सूपर्यंत. गाडी मॅन्युअल आहे. हॉटेल चढावर, पार्किंग रस्त्यालाच. रात्री तापमान शून्याखाली जातं. कुणी नेली आहे का?

ए-२०४ ताई: मस्त! हँडब्रेक मात्र कचकचून ओढा.

सी-११०१ काका: ताई, आपल्या पोडियमच्या रॅम्पवर तुमचं शंभर टक्के बरोबर. तिथे मात्र मला तोच नडला. आमच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक. दुपारी वितळत्या बर्फाच्या चिखलातून आलो, सवयीने हँडब्रेक ओढला आणि झोपलो. सकाळी लिव्हर खाली गेला, पण मागची चाकं फिरेनात, नुसती घसरत होती. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा; त्यातलं पाणी गोठून ब्रेक शू, म्हणजे त्याला आतून दाबणाऱ्या पट्ट्या, चिकटले होते. केबलच्या नळीत ओल असेल तर तीही गोठते. मी उकळतं पाणी ओतणार होतो, तिथल्या एका ड्रायव्हरने हात धरला. ते पाणी पुन्हा गोठतं. ऊन वर येईपर्यंत बसून राहिलो.

ए-६०२: काका, पावसाळ्यात आपल्याकडेही होतं की. आठवडाभर गाडी उभी राहिली की 'टक्' करून सुटते.

सी-११०१ काका: अगदी तेच. इथे गंज धरतो, तिथे बर्फ.

बी-७०३: मग गाडी थांबणार कशावर?

सी-११०१ काका: गिअरवर आणि ठोकळ्यावर. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. उताराच्या बाजूने चाकाला ठोकळा लावायचा, मग पायाचा ब्रेक हळू सोडून गाडी त्यावर टेकू द्यायची. डोंगराच्या बाजूलाच उभी करा आणि पुढची चाकं अशी वळवा की गाडी सुटलीच तर डोंगराला टेकेल, दरीकडे जाणार नाही. पोहोचण्याआधी थोडं अंतर पायाने हलका ब्रेक दाबत या, म्हणजे ड्रम तापून कोरडे होतात.

ए-६०२: फक्त गिअरवर गाडी हळूहळू सरकते हो.

सी-११०१ काका: सरकते, म्हणून ठोकळा हवाच. आणि उतार खडा असेल, सपाट जागा मिळतच नसेल, तर हँडब्रेकही ओढा. गोठला तर सकाळ जाईल, पण गाडी कुणाच्या अंगावर जाणार नाही.

सकाळी आधी ब्रेक आणि क्लच दाबा, मगच चावी. गिअरमध्ये आहे हे विसरलात तर गाडी उडी मारेल. ठोकळा काढणाऱ्याने उताराच्या बाजूला उभं राहू नये. दगड लावला असेल तर रस्त्यातून उचलून ठेवा, मागून बाइकवाले येतात.

बी-७०३: काका, खूप आभार. ठोकळे कुठे मिळतील?

सी-११०१ काका: माझ्याकडे दोन आहेत, दोरी बांधलेले. उद्या सातला रॅम्पवर या, टँकर यायच्या आधी करून दाखवतो. वहिनींनाही आणा, गाडी त्याही चालवतात ना.